मार्चच्या नावाची शरदातली बिअर

१/ शरद ऋतू लागला की अमेरिकेतल्या अनेक छोट्या क्राफ्ट ब्रुअरी ‘मेर्त्सेन’ नावाची तांबूस लागर बाजारात आणतात. वेष्टनावर बव्हेरियाची निळी-पांढरी चौकट आणि जुन्या परंपरेचा उल्लेख बहुधा असतोच. पहिल्या घोटात खरपूस पावाच्या कडेची चव लागते, पाठोपाठ माल्टचा सौम्य गोडवा आणि शेवटी हॉपचा माफक कडवटपणा. ही चव खरोखर किती जुनी आहे?

२/ नाव निश्चित जुने आहे. मेर्त्सेन म्हणजे ‘मार्चची’. उन्हाळ्यात केलेली बिअर नासत असे, म्हणून बव्हेरियात १५५३ च्या आदेशाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई झाली. परिणामी मार्चमध्ये अधिक कसदार बिअर करून ती थंड तळघरांत साठवली जाई आणि उन्हाळाभर पुरवली जाई. शरदात प्यायला मिळे तो या साठ्याचा शेवट.

३/ रंगाची कथा मात्र निराळी आहे. त्या काळची बव्हेरियन बिअर गडद असे. १८३० च्या दशकात म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेअर ब्रिटनमध्ये हिंडले आणि तिथल्या ब्रुअरींचे तंत्र त्यांनी बारकाईने टिपून घेतले. गरम हवेवर माल्ट वाळवण्याची ब्रिटिश पद्धत वापरली की माल्ट फिकट राहतो. १८४१ मध्ये दोघांनीही आपापल्या उजळ लागर बाजारात आणल्या. म्हणजे ‘अस्सल जर्मन’ तांबूस रंगाचे एक मूळ ब्रिटिश भट्टीत आहे.

४/ उत्सवाचे काय? १२ ऑक्टोबर १८१० रोजी युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझे यांचा विवाह झाला. त्यानिमित्त १७ ऑक्टोबरला घोड्यांची शर्यत झाली आणि तिच्यातून ऑक्टोबरफेस्ट उभा राहिला. तिथे ही तांबूस बिअर पोहोचली ती १८७२ मध्ये, गाब्रिएलचा भाऊ योझेफ याच्या ब्रुअरीतून. उत्सव सुरू होऊन तोवर बासष्ट वर्षे लोटली होती.

५/ आणि नेमक्या त्याच दशकात कार्ल फॉन लिंडे याचे शीतयंत्र म्युनिकच्या ब्रुअरीत आले. उन्हाळ्यातली मनाई १८५० मध्येच उठली होती. आता ऋतूचे बंधनही उरले नाही. मार्चमध्येच बिअर करण्याचे कारण संपले, नाव तेवढे राहिले.

६/ आज म्युनिकच्या उत्सवमंडपात तांबूस नव्हे, तर सोनेरी, पिण्यास हलकी वाटणारी बिअर मिळते. तांबूस मेर्त्सेनचा आग्रह अधिक दिसतो तो अमेरिकेतल्या क्राफ्ट ब्रुअरींत. मग खरी कोणती, असा वाद रंगतो.

७/ हा वादच चुकीच्या पायावर उभा आहे. १९८३ मध्ये एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या ग्रंथामुळे ‘परंपरेची निर्मिती’ ही संकल्पना रूढ झाली. तिचा आधार घेऊन मेर्त्सेनला ‘बनावट परंपरा’ म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य ठरेल. नासाडीची भीती खरी होती, तळघरे खरी होती, मनाईही खरी होती. बनावट आहे तो केवळ अपरिवर्तनीयतेचा दावा.

८/ परंपरेचे वय विचारताना म्हणून एकच आकडा मागू नये. मेर्त्सेनमध्ये नावाचे वय वेगळे, रंगाचे वेगळे, उत्सवाशी असलेल्या नात्याचे त्याहून वेगळे. प्रत्येक घटकाला ‘हे केव्हा आले आणि कोणत्या गरजेपोटी?’ हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला पाहिजे. वेष्टनावरच्या ‘प्राचीन’ या शब्दाला हा प्रश्न लागू होतो, तसाच तो सण, पोशाख आणि पाककृती यांनाही लागू होतो. उत्तराने चव बिघडत नाही. माणसांनी अडचणीतून काढलेली वाट मात्र त्यातून दिसू लागते.