छाटणी की रिट्रेंचमेंट?

वर्तमानपत्रात 'रिट्रेंचमेंट' हा शब्द वाचला की माझ्यातला मास्तर जागा होतो. मूळ जुन्या फ्रेंचमधले क्रियापद, अर्थ 'कापणे'. जमीन कापून केलेला खंदक म्हणजे 'ट्रेंच', तोही याच कुळातला. इंग्रजीत हा शब्द खर्च कापण्यासाठी रुळला. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली त्याची व्याख्या घातली गेली. तिथे मात्र कापला गेला तो कामगार.

मग आला 'डाउनसायझिंग'. १९७० च्या दशकात अमेरिकेत मोटारींचा आकार कमी करण्याला हा शब्द लावत; पुढे तो माणसांना लावला. त्यानंतर 'राइटसायझिंग', म्हणजे गेलेला माणूस मुळात जास्तच होता! शब्द जितका गुळगुळीत, तितकी जखम झाकलेली, असे माझे मत.

आपल्या 'छाटणी'त निदान कात्री तरी दिसते. पण तोही पुरता खरा नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीला नवी फूट येते. पन्नाशीत नोकरी गेलेल्याला ती येईलच असे नाही.

म्हणून मी साधेच म्हणेन, 'कामावरून काढले'. हे ऐकताच निदान 'कोणी?' असा प्रश्न तरी सुचतो.