घरांतील यंत्रविचार : मोटारीचा पिवळा दिवा

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रारंभींच पर्वतावरील धूर पाहून तेथील अग्नीचें अनुमान करावयास शिकवितात. आणि लागलीच हेत्वाभासही शिकवितात. खूण खरी असते, परंतु तीवरून काढलेलें अनुमान चुकीचें ठरतें, हें त्यानें प्रथमपासून ओळखावें असा हेतु. हल्लीं आपल्या दारांतील मोटारींतही धुरावरून इंजिनाची प्रकृति ओळखणारी यंत्रणा असते. तिनें पिवळा दिवा लावला म्हणजे पुष्कळ घरीं दोहोंपैकीं एक गोष्ट घडते : दिव्याकडे डोळेझांक होते, किंवा मिस्त्री सांगेल तो भाग मुकाट्यानें बदलला जातो. यांच्या मधला, विचाराचा मार्ग आज सांगावयाचा आहे. विवेचन पेट्रोलच्या गाड्यांपुरतें आहे. डिझेलच्या गाड्यांची व्यवस्था निराळी.

एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण साधलें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं धुराच्या नळींत ऑक्सिजन सेन्सर बसवितात. झिर्कोनिया या चिनीमातीसारख्या पदार्थाचा तो एक खुंट असतो. तो सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापला म्हणजे बाहेरची हवा व आंतील धूर यांतील ऑक्सिजनच्या फरकाप्रमाणें त्यांत विद्युद्दाब उत्पन्न होतो. धुरांत ऑक्सिजन उरला असेल, तर सुमारें ०.१ व्होल्ट, पेट्रोल अधिक झालें असेल, तर सुमारें ०.९ व्होल्ट. गाडींतील संगणक हा आंकडा वाचून पेट्रोल कमीजास्त करितो. पुढें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यांतील प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या योगानें धुरांतील विषारी वायु पुष्कळसे निरुपद्रवी होतात. कन्व्हर्टरच्या मागें दुसरा सेन्सर त्याच्या कामावर देखरेख करितो.

अमेरिकेंत १९९६ पासूनच्या मोटारींस ही स्वयंपरीक्षेची यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या चारचाकी गाड्यांत तिचें पहिलें रूप २०१० पासून व दुसरें, अधिक कडक रूप २०१३ पासून आलें. तेव्हां त्यानंतरची गाडी असेल, तर परीक्षा घरीं करितां येते. चालकाच्या गुडघ्यांवरील फळीखालीं १६ टोकांची एक खोबण असते. बाजारांत मिळणारें लहानसें स्कॅनर तींत बसविलें म्हणजे बिघाडाचा कोड मोबाइलवर दिसतो. हें काम कर्त्या पुरुषानेंच करावें असें मुळींच नाहीं. घरांतील सून किंवा कॉलेजांत जाणारा पुतण्या तें अधिक चांगलें करील. मात्र कोड पुसण्यापूर्वीं तो वहींत लिहून ठेवावा. कोड उठला त्या क्षणींचा इंजिनाचा वेग, उष्णता इत्यादि तपशीलही स्कॅनर दाखवितें. पुसतांच तोही नाहींसा होतो.

कोडाची रचना व्याकरणासारखी नियमबद्ध आहे. ‘पी’ हें अक्षर इंजिन व गिअरबॉक्सचें. त्यापुढील शून्य म्हणजे सर्व कंपन्यांस समान असा कोड. तिसऱ्या स्थानीं १ असल्यास इंधन व हवा, ३ असल्यास ठिणगी, ४ असल्यास धूर शुद्ध करणारीं साधनें. उरलेले दोन अंक विशिष्ट दोष दाखवितात. आतां तीन उदाहरणें घेऊं.

‘पी ०१३५’ हा पुढील सेन्सरच्या तापकाविषयीं आहे. हा बराचसा सरळ बोलतो. तरीही प्रथम फ्यूज पाहावा, मग उंदरांनीं कुरतडलेली वायर, मग जोडणींतील गंज. हें सर्व ठीक असेल, तरच सेन्सरकडे वळावें.

‘पी ०१७१’ सांगतो कीं मिश्रणांत पेट्रोल कमी पडत आहे. येथेंच बहुतेकांचें अनुमान घसरतें. सेन्सरनें तक्रार केली म्हणून सेन्सरच बिघडला, असें म्हणणें म्हणजे चोरी पाहणाऱ्या साक्षीदारालाच बेडी घालणें होय. इंजिनाकडे जाणारी रबरी नळी तडकून चोरवाटेनें हवा येत असेल, पेट्रोलचा पंप अशक्त असेल, हवा मोजणारा सेन्सर धुळीनें माखला असेल, किंवा धुराच्या नळीस पुढील सेन्सरच्या आधीं भोक पडून बाहेरची हवा आंत ओढली जात असेल. खूण एकच राहते. निवड करण्यास अन्वय-व्यतिरेकाची जुनी रीत उपयोगीं पडते. संगणकानें पेट्रोलांत किती टक्के भर घातली, हें स्कॅनरवर दिसतें. उभ्या गाडींत इंजिन मंद चालत असतां ही भर मोठी असेल व मिनिटास २५०० फेरे केल्यावर ती उतरत असेल, तर चोरवाटेच्या हवेचा संशय घ्यावा. कारण इंजिन मंद असतां एकूण हवा थोडी, म्हणून चोरट्या हवेचा वांटा मोठा. उलट, वेगाबरोबर भर वाढत जात असेल, तर पंप, पेट्रोलची गाळणी किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा.

‘पी ०४२०’ कन्व्हर्टर नीट काम करीत नाहीं असें सांगतो. येथें खर्चाचा आंकडा मोठा, म्हणून विचारही मोठा हवा. कन्व्हर्टर ठीक असेल, तर मागील सेन्सरचा आंकडा बराचसा स्थिर राहतो. तो सतत खालींवर होऊं लागला, तर शंका खरी असण्याचा संभव अधिक. तथापि मागील सेन्सर व नळींतील गळती आधीं पाहावी. आणि कन्व्हर्टर खरोखर गेलाच असेल, तर तो कशानें गेला हें विचारावें. ठिणगी चुकल्यामुळें न जळलेलें पेट्रोल त्यांत जात असेल, किंवा इंजिन ऑइल जाळीत असेल, तर तो दोष दूर केल्याशिवाय बसविलेला नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेनें जाईल.

कांहीं पथ्यें अवश्य पाळावीं. दिवा स्थिर असेल, तर सवडीनें तपासावें. परंतु तो उघडझांप करूं लागला, तर बहुधा ठिणगी चुकत असते, व तशा स्थितींत गाडी दामटल्यास कन्व्हर्टर तापून जळतो. गाडी सुरक्षित जागीं थांबवावी. बंद गॅरेजांत इंजिन चालवून परीक्षा कधींही करूं नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि घरांतील लहान मुलें जवळच खेळत असतात. धुराच्या नळीस गरम असतां हात लावूं नये. पीयूसीच्या आधीं नुसता दिवा विझविणें हा तर उपाय नव्हेच. गाडी पुन्हां चालूं लागली म्हणजे संगणक आपल्या परीक्षा क्रमानें नव्यानें घेतो व दोष राहिला असल्यास दिवा पुन्हां लागतो. मधल्या दिवसांत तो धूर आपल्याच गल्लींतील लोकांच्या श्वासांत जातो.

घरच्या परीक्षेनें मिस्त्री अनावश्यक ठरत नाहीं. तो आपणांस अधिक उपयोगी पडतो. त्याजकडे जातांना ‘सेन्सर बदलून द्या’ असें सांगूं नये. कोड अमुक, मंद इंजिनास भर इतकी, वेग वाढविल्यावर इतकी, असें लिहिलेला कागद त्याच्या हातीं द्यावा. चांगला मिस्त्री तो आनंदानें वाचील. जो न वाचतांच भाग बदलावयास निघेल, त्याच्या हातीं गाडी देऊं नये.

पुढील अंकीं गाडीच्या बॅटरीचा विचार करूं.