भिलारला जाताना घाई नको

सुट्टीच्या अंकाआधी वाचकांचा प्रश्न ठरलेला असतो: मुलांना घेऊन एका दिवसात कुठे जाऊन येता येईल? यंदा आमचं उत्तर भिलार. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर, डोंगरउतारावर वसलेलं, स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखलं जातं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून सुचलेली. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, इथे विक्रीच नाही. राज्य मराठी विकास संस्थेने सुरुवातीला २५ ठिकाणी पुस्तकं ठेवली, त्यांतली बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत. एका घरी इतिहास, दुसरीकडे कादंबऱ्या, कुठे बालसाहित्य. हवं ते काढा, बसा, वाचा, जागेवर ठेवा. पैसे नाहीत.

आमचं मत विचाराल तर सगळी घरं 'करायला' जाऊ नका. पॉइंट मोजत फिरायची सवय महाबळेश्वरने आपल्याला लावलीच आहे, ती इथे कामाची नाही. बालसाहित्याचं घर गाठा आणि पोरांना तिथे सोडून द्या. ती वाचतीलच असं नाही. चित्रं पाहतील, अंगणातल्या कुत्र्यामागे धावतील. धावू देत. मात्र हे कुणाचं तरी घर आहे, चपला बाहेर काढायच्या, एवढं गाडीतच सांगून ठेवा. स्ट्रॉबेरीही खायची असेल तर थंडीत जा. पावसात जाणार असाल तर कपड्यांचा एक जोड जास्तीचा घ्या.