नंबर थांबला, पण दिसतं कसं?

ज्या मित्राला सहा-सात वर्षांचं पोरगं आहे, त्याच्याशी हल्ली पंधरा मिनिटं बोललं की विषय चष्म्यावर येतोच. "मायनस दीड झालाय रे, डॉक्टर ॲट्रोपिनचे थेंब घाला म्हणतायत, घालू का?" मग दोन तट पडतात. एक म्हणतो, "बिनधास्त घाल, नंबर थांबतो." दुसरा म्हणतो, "विषारी झाडापासून काढतात ते, पोराच्या डोळ्यांशी खेळू नकोस." वाद रंगतो, चहा संपतो, आणि पोराला स्वतःला काय दिसतंय हे कोणीच विचारत नाही. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

आधी झाडाचं उरकून घेऊ. ॲट्रोपिन हे बेलाडोना नावाच्या झाडात सापडतं. इटालियनमध्ये बेला डोना म्हणजे सुंदर बाई. बाहुल्या मोठ्या आणि टपोऱ्या दिसाव्यात म्हणून तिकडच्या बायका त्याचा रस डोळ्यांत घालायच्या म्हणे. समोरच्याला त्या सुंदर दिसत असतील, पण त्यांना समोरचा धुरकटच दिसत असणार :-)

कारण ॲट्रोपिन डोळ्यातले दोन स्नायू ढिले करतं. एक बाहुली आवळणारा, आणि दुसरा जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाला फुगवटा देणारा. आपल्याला हवा असलेला परिणाम मात्र तिसराच आहे. मायनस नंबर वाढतो तो बहुतेक वेळा डोळा मागच्या बाजूला लांबत गेल्यामुळे. एक मिलिमीटर लांबला की नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. ही लांबी वाढण्याचा वेग थेंबांनी कमी होतो. नेमका कसा, हे विज्ञानाला अजून पुरतं उलगडलेलं नाही. थोडक्यात, हवं असलेलं फीचर आणि नको असलेले साइड इफेक्ट्स एकाच बाटलीत येतात, आणि डोस वाढवला की दोन्ही वाढतात.

आता आकडे बघू. सिंगापूरमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ टक्का ॲट्रोपिन वापरलं होतं. नंबर वाढायचं प्रमाण चांगलंच घटलं, पण या तीव्रतेला बाहुली सताड उघडी राहते आणि जवळचं वाचायला वेगळा चष्मा लागू शकतो. २०१२ साली तिथेच ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्के यांची तुलना झाली. थेंब बंद केल्यावर नंबर उसळी मारून वाढतो, आणि डोस जितका जास्त तितकी उसळी मोठी, हे पुढे दिसलं. त्यानंतर ०.०१ टक्के सगळीकडे लोकप्रिय झालं. त्रास नाही, मग घालायला काय जातंय?

जातं ते असं. हाँगकाँगच्या २०१९ सालच्या अभ्यासात ०.०५ टक्क्याने वर्षभरात नंबर वाढण्याचा वेग सुमारे दोन-तृतीयांशाने कमी केला, तर ०.०१ टक्क्याने जेमतेम पाव. अमेरिकेत २०२३ साली आलेल्या अभ्यासात तर दोन वर्षं ०.०१ टक्के घातलेली मुलं आणि नुसतेच औषधाविना थेंब घातलेली मुलं यांच्यात दखल घेण्याजोगा फरकच सापडला नाही. म्हणजे सगळ्यात निर्धोक डोस हा काही ठिकाणी सगळ्यात निरुपयोगीही ठरला. फुकटात काही मिळत नाही हा नियम डोळ्यांनाही लागू आहे.

मग ०.०५ टक्क्याची किंमत काय? हाँगकाँगच्या मुलांची बाहुली उजेडात सरासरी १ मिलिमीटरने मोठी झाली आणि जवळ फोकस करायची ताकद सुमारे २ डायॉप्टरने घटली. दुसरा आकडा ऐकायला भयंकर वाटतो, पण दहा वर्षांच्या मुलाकडे अशी दहाच्या वर डायॉप्टरची ताकद असते, आणि ३३ सेंटिमीटरवरची वही वाचायला लागतात तीन. शिल्लक भरपूर आहे. पहिला आकडा मात्र किरकोळ वाटतो आणि नसतो. बाहुली ४ ची ५ मिलिमीटर झाली तर क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त वाढतं, म्हणजे तितकाच जास्त उजेड आत. ज्यांनी कॅमेरा हाताळलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ॲपर्चर उघडलं की डेप्थ ऑफ फील्ड कमी होते, आणि भिंगाच्या कडेचे दोष चित्रात उतरतात. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं ते यामुळेच.

त्या अभ्यासात मुलांची तक्त्यावरची नजर कमी झाली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तक्ता म्हणजे पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं, तीही बंद खोलीत. एप्रिलच्या उन्हात बॉल पकडणं किंवा ट्यूबलाइट चकाकणाऱ्या फळ्यावरचं वाचणं तो मोजत नाही. सरासरी ही शंभर मुलांची असते, पोरगं एकच असतं. आणि पोरं आपणहून सांगत नाहीत. जसं दिसतं तसंच सगळ्यांना दिसतं अशी त्यांची समजूत असते.

यात एक मोठी गंमत, खरं तर धोका, आहे. मोकळ्या उजेडात वेळ घालवल्याने लघुदृष्टी लागण्याचं प्रमाण कमी होतं. चीनमधल्या ग्वांगझौच्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानावरचा तास वाढवला, तर तीन वर्षांत नवे चष्मे लागायचं प्रमाण ३९.५ वरून ३०.४ टक्क्यांवर आलं (२०१५). आता थेंबांमुळे ऊन टोचतं म्हणून पोरगं खेळायचं सोडून मोबाइल घेऊन घरात बसलं, तर आपण एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. टोपी आणि उन्हात गडद होणाऱ्या काचा ही चैन समजू नका, त्या औषधाचाच भाग आहेत.

माझं मत थेंबांच्या विरुद्ध अजिबात नाही. नंबर मायनस सहाच्या पुढे गेला की पडदा सुटणं, काचबिंदू यांचा धोका वाढतो, आणि तो टाळण्यासाठी काही वर्षं थोडी चमक सोसणं हा मला रास्त सौदा वाटतो. फक्त तो सौदा आहे हे आई-बापांनी ओळखावं. डॉक्टरांना विचारा: टक्के किती, डोळ्याची लांबी मोजणार का, बंद करताना टप्प्याटप्प्याने करणार का. पोराला विचारा: ऊन टोचतं का, वही जवळ धरल्यावर अक्षरं पुसट होतात का, रात्री दिव्यांना वलयं दिसतात का. तीच उत्तरं डॉक्टरांपर्यंत न्या, म्हणजे डोस ठरवायला त्यांच्या हातात काहीतरी असेल. व्हॉट्सॲप ग्रुपवरून टक्केवारी उचलू नका.

आणि हो, मायनस चारवाल्या तिशीतल्या मित्रांनो, हे थेंब आपल्यासाठी नाहीत. ते वाढ मंदावतात, झालेली वाढ परत करत नाहीत. आपला चष्मा आपल्यालाच लखलाभ!