ताटातलं अ‍ॅपला कळत नाही

तुमच्या फोनमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप आहे का? असेल तर एक गंमत करून बघा. त्यात 'चरोटा भाजी' शोधा. बहुतेक सापडणार नाही. आता घरातल्या कुठल्याही बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड त्याला दाखवा. डोळ्याची पापणी लवायच्या आत कॅलरी, साखर, फॅट, सगळं हजर!

चरोटा म्हणजे काय, हे भिलाईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, रेल्वे लाईनजवळ, मोकळ्या प्लॉटवर जी हिरवी गोल पानांची रोपटी उगवतात, ती. विदर्भात तिला तरोटा म्हणतात, कोकणात टाकळा. माझी आजी भंडाऱ्याची, त्यामुळे आमच्या घरी तरोटाच. भाजीवालीशी बोलताना मात्र चरोटा.

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे या बारकोडच्या नादात मी स्वतः फसले होते.

मागच्या वर्षी माझं वजन ६८ किलो होतं. उंची पाच फूट दोन इंच. काम दिवसभर लॅपटॉपसमोर बसून लिहिण्याचं. कमी करायला हवंच होतं, त्यात वाद नाही. अ‍ॅप उतरवलं, उंची-वजन भरलं. 'किती वेगाने कमी करायचंय?' असं त्याने विचारलं, मी सगळ्यात वेगाचा पर्याय निवडला आणि वर स्वतःची अक्कल चालवून दिवसाला हजार कॅलरीवर आले.

पहिले काही दिवस मी प्रामाणिकपणे सगळं भरत होते. पण आईच्या हातची मुनग्याची डाळ भरायची कशी? एक वाटी म्हणजे केवढी वाटी? फोडणीत तेल किती? आईला विचारलं तर ती म्हणाली, "अंदाजानं टाकते वं, मोजून कोण टाकते?" मग हळूहळू, माझ्याही नकळत, मी तेच खायला लागले जे अ‍ॅपला ओळखता येत होतं. पाकिटातलं सूप, मोजून चार मारी बिस्किटं, डाएट चिवड्याचा छोटा पुडा. यांचा आकडा पक्का होता. शेंगदाण्याची चटणी बंद, कारण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. (शंभर ग्रॅम शेंगदाणे चटणीत कोण खातं, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.) आई रोज विचारायची, "अजून मोजूनच राहिली का?"

दोन महिन्यांत सात किलो वजन उतरलं. लोक कौतुक करत होते. मला मात्र जिना चढताना धाप लागत होती, आणि आंघोळीनंतर जाळीत केसांचा पुंजका. शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.१.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, "पालेभाजी, डाळ, अंडी, आठवड्यातून किती वेळा?" माझ्याकडे साठ दिवसांची तारीखवार नोंद होती. त्या नोंदीत पालेभाजी दोनदा सापडली.

ही एकट्या माझी गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) छत्तीसगडमधल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ६१ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणी वजन कमी करायला सुरुवात करतात तेव्हा मुळात रक्तच कमी असतं. त्यावर उपासमार म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

कॅलरी खोटी नाही, पण अपुरी आहे

कॅलरी हे थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. शरीर खर्च करतं त्यापेक्षा जास्त खाल्लं तर वजन वाढतं, हे खरंच आहे. पण कॅलरी हे शेवटी उष्णता मोजायचं माप. अन्न बंद भांड्यात जाळून किती उष्णता निघते हे बघायचं, आणि शरीराला पचत नाही तेवढा भाग वजा करायचा, अशा प्रयोगांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी प्रथिनं आणि पिष्ट पदार्थांसाठी ग्रॅममागे चार, स्निग्ध पदार्थांसाठी नऊ असे आकडे बसवले. आजही पाकिटांवरचा हिशेब बहुतेक त्याच आकड्यांवर चालतो.

माझे बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "कोळसा नुसता टनात मोजून भट्टी चालते का? राख किती, ते आधी बघावं लागतं." आयुष्यभर भट्टीजवळ उभं राहिलेल्या माणसाला जे पटकन कळलं, ते मला कळायला रक्ताचा रिपोर्ट लागला.

उदाहरण घ्या. चार मारी बिस्किटं साधारण शंभर कॅलरी. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम फुटाणे, तेही शंभर-एकशे दहा. अ‍ॅपच्या लेखी दोन्ही सारखेच. पण बिस्किटांत मैदा, साखर आणि जेमतेम दोन ग्रॅम प्रथिनं. फुटाण्यांत सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर तंतू. फुटाणे चावायला वेळ लागतो, पोट भरल्यासारखं वाटतं, पुढचे दोन तास कपाटाकडे हात जात नाही. बिस्किटं खाल्ल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पाचवं बिस्किट!

कोदो आणि पांढरा तांदूळ घ्या. कच्चे शंभर ग्रॅम तोलले तर तांदळात साधारण ३५५ आणि कोदोमध्ये ३३० कॅलरी. फरक नाहीच म्हटलं तरी चालेल. पण तंतू कोदोमध्ये दुपटीहून जास्त. आणि काही वेळा तर आकडाच चुकतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी माणसांना खरोखर बदाम खायला देऊन मोजमाप केलं. नेहमीच्या हिशेबाने बदामाच्या कॅलरी सुमारे ३२ टक्के जास्त धरल्या जातात, असं निघालं. अख्ख्या बदामातलं सगळं तेल शरीराला काढून घेताच येत नाही.

मला सगळ्यात पटला तो २०१९ सालचा केविन हॉल यांचा प्रयोग. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकिटातलं अन्न, दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, तंतू जवळपास सारखे ठेवले होते. फक्त सांगितलं, हवं तेवढं खा. पाकिटातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. मोजायला कोणी सांगितलं नव्हतं, पोटानेच मोजलं.

बाजारात चला

आमच्या भिलाईत देशभरातून माणसं आली, प्लांटमुळे. शेजारी तेलुगू, समोर बंगाली, मागे मल्याळी. प्रत्येकाच्या ताटात आपापलं गाव. पण भाजीची टोपली मात्र सगळ्यांची छत्तीसगडीच असते. सुपेल्याच्या बाजारात सकाळी गेलात तर आसपासच्या गावांतून आलेल्या बायका जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या दिसतील, समोर भाज्यांच्या जुड्या. "ले जा नोनी, ताजा हे!"

इथे मराठी माणसाने थोडं थांबून बघावं. कारण नावं अनोळखी वाटतात, भाज्या आपल्याच असतात. अमारी म्हणजे आपली अंबाडी. मुनगा म्हणजे शेवगा, इथे त्याच्या शेंगांइतकीच पानांची भाजीही करतात. बथुआ म्हणजे चाकवत. उन्हाळ्यात थोडेच दिवस येणारी आणि चांगलीच महाग असणारी बोहार भाजी म्हणजे भोकराची. हिवाळ्यातली तिवरा भाजी म्हणजे विदर्भातल्या लाखोळीची कोवळी पानं. लाल भाजी, चेच, करमत्ता या तर आहेतच. मी या गावात जन्मले, पण अर्धी नावं मला गेल्या वर्षात कळली.

लोह, कॅल्शियम, तंतू, सगळं या जुड्यांत आहे. एका मोठ्या वाटीत कॅलरी मात्र फार थोड्या, तेलाचा हात आवरला तर. भाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणासोबत चहा नको, त्याने उलटं होतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेने (हैदराबादची एनआयएन) २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शक सूत्रं दिली. त्यात सांगितलंय की अर्धं ताट भाज्या आणि फळांचं असावं. तिथेच हेही म्हटलंय की आठवड्याला अर्धा किलो वजन कमी होणं सुरक्षित, आणि वजन कमी करतानाही हजार कॅलरीच्या खाली जाऊ नये. मी काठावर उभी होते.

घरचं आहे म्हणून कितीही?

आता थोडं आपलंही चुकतं ते बोलू. 'घरचं म्हणजे चांगलंच' ही दुसऱ्या टोकाची समजूत. आमच्या ताटात भाताचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी डाळीचं तळं आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी, असंच असायचं. भात घरचाच, पण तो डोंगर होता. ठेठरी-खुरमी घरचीच, चकली घरचीच, पण तळलेलीच ना? तेल माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर पुरावं असं आहारतज्ज्ञ सांगतात. चौघांच्या घरात दोन लिटर. आमच्याकडे चार लागायचं. आईने पहिल्यांदा डबा बघून हिशेब केला तेव्हा तीच गप्प झाली. घरात एकच गोष्ट मोजायची असेल तर ती तेलाची पिशवी मोजा, महिन्याच्या शेवटी.

बोरे-बासीचंही तसंच. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, हिरवी मिरची, दह्याबरोबर खायचा, हे इथलं उन्हाळ्यातलं जेवण. २०२२ मध्ये १ मेला तेव्हाच्या राज्य सरकारने ते खाण्याचं आवाहन केलं तेव्हा सगळीकडे फोटोच फोटो. पोटाला थंड, छानच. पण वजनासाठी ती जादू नाही, भात तो भातच. बाबा फर्स्ट शिफ्टला जाताना बासी खाऊन जायचे आणि आठ तास उभे राहायचे. मी बासी खाऊन खुर्चीत बसते. फरक पडणारच.

मिलेटच्या नावाखाली बिस्किटं येतात, त्यांचंही पुडकं उलटून बघा. घटकांच्या यादीत जे पहिलं लिहिलेलं असतं ते वजनाने सगळ्यात जास्त. तिथे मैदा असेल तर पुढच्या बाजूला काढलेलं रागीचं कणीस विसरा.

एक गंमत मात्र सांगावीशी वाटते. महाराष्ट्रात वजनावर बोलणारी दोन नावं घरोघरी पोहोचली. ऋजुता दिवेकर म्हणतात दर दोन तासांनी थोडं खा. डॉ. जगन्नाथ दीक्षित, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून, म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत. अगदी दोन टोकं! आमच्या घरी मावशी एका बाजूला, आत्या दुसऱ्या बाजूला, आणि दिवाळीला दोघी एका पंगतीत बसल्या की बघायलाच नको. पण कॅलरीची वही दोघांच्याही सांगण्यात नाही. किती वेळा खायचं ते तुमच्या भुकेवर आणि तब्येतीवर ठरवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, घरात गरोदर बाई किंवा वाढत्या वयाची मुलं असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणात मोठे बदल करू नका. आणि मुलांसमोर कॅलरीचा जप तर नकोच, ती आपलं ऐकून ताटातलं टाकायला शिकतात.

माझं पुढे काय झालं? उपाशी राहणं सोडल्यावर उतरलेल्या सातपैकी पाच किलो परत आले. रडू आलं होतं. त्यानंतर अ‍ॅप काढून टाकलं. आता आधी ताटाच्या अर्ध्या भागात भाजी आणि काकडी-टोमॅटो घेते, मग डाळ किंवा अंडं, भात शेवटी एक वाटी. चारच्या चहाबरोबर फुटाणे. संध्याकाळी सेक्टरच्या रस्त्यांवर झाडाखालून पाऊण तास चालणं. आठ महिन्यांत साडेचार किलो कमी झालं. सावकाश, पण जिना चढताना धाप नाही. गोळ्या आणि जेवण दोन्ही मिळून हिमोग्लोबिन १२.१ आहे.

आणि आता पावसाला सुरुवात झालीच आहे, तर तरोट्याची भाजी सांगते. फक्त वरची कोवळी पानं घ्यायची, फुलं आल्यावर नाही. तीन-चार पाण्यांतून धुवायची, माती फार असते. रस्त्याकडेची, गाड्यांच्या धुरातली खुडू नका. मूठभर चण्याची डाळ तासभर भिजवून ठेवा. पानं उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकून निथळून घ्या, कडवटपणा जातो. दोन चमचे तेलात भरपूर लसूण, सुकी मिरची, एक कांदा, मग डाळ घालून झाकण. डाळ बोटाने दाबली जाईल इतकी शिजली की चिरलेली पानं आणि मीठ. पाणी आटेपर्यंत परता. ज्वारीची भाकरी असेल तर उत्तम, नसेल तर पोळीबरोबरही चालते. आई वरून लिंबू पिळते आणि माझ्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढते.