क्वेरी चुकणारच, एडिटर सावध हवा

फेब्रुवारी २०१३ मध्ये ओमानच्या बँक मस्कतच्या प्रीपेड कार्डांवर सुमारे ४ कोटी डॉलर चोरीला गेले. चोवीस देशांतल्या एटीएममधून, दहा-एक तासांत. खाती होती फक्त बारा. कार्डांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत चोर शिरले, त्यांनी शिल्लक फुगवली आणि पैसे काढण्याची मर्यादा उडवून टाकली. पुढचं काम एटीएमनी इमानेइतबारे केलं.

ती चोरी होती. पण डेटाबेसला हेतू कळत नाही. हुकूम चोराने दिला की दिवसभर थकलेल्या आपल्याच माणसाने चुकून दिला, अधिकार असला की तो पाळला जातो. म्हणूनच ओमानमध्ये रुवी, घाला, सोहार इथल्या ऑफिसांत अकाउंट्स, एचआर, स्टोअर किंवा सपोर्ट सांभाळणाऱ्या, आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी मंडळींना हे आवाहन आहे. ज्या खिडकीत तुम्ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, लिहून चालवता, त्या एडिटरला स्वतःचे ब्रेक असू द्या. ‘आम्ही जपून काम करतो’ एवढ्यावर भागवू नका. कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, म्हणून कुणी स्वयंपाक करणाऱ्याला निष्काळजी म्हणत नाही.

चूक कशी होते ते पाहा. एका कर्मचाऱ्याचा पगार १० रियालने वाढवायचा आहे. अपडेटची ओळ लिहिली, खाली ‘व्हेअर’ लावून त्याचा क्रमांक दिला. मग माउसने वरचीच ओळ सिलेक्ट झाली आणि रन दाबलं. बरेच एडिटर सिलेक्ट केलेला मजकूर तेवढाच चालवतात. काही एडिटर मध्ये रिकामी ओळ दिसली की हुकूम तिथेच संपला असं धरतात. दोन्हीकडे निकाल एकच: साऱ्या कंपनीचा पगार वाढला. लिहिणाऱ्याने क्वेरी बरोबर लिहिली होती. म्हणून रन दाबल्यावर नेमका कुठून कुठपर्यंतचा मजकूर चालणार आहे, हे एडिटरने आधी ठळक करून दाखवावं.

‘व्हेअर’ नसलेला अपडेट किंवा डिलीट आला की एडिटरने थांबायलाच हवं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये यासाठी ‘सेफ अपडेट्स’ नावाची सोय फार पूर्वीपासून आहे. तिचं दुसरं थट्टेचं नाव ‘आय ॲम अ डमी’ आहे. स्वतःला डमी म्हणवून घ्यायला लाजू नका. मायएसक्यूएलच्या वर्कबेंच या एडिटरमध्ये ती सुरुवातीपासून चालू असते आणि अडवताना ११७५ क्रमांकाची एरर देते. ती दिसली की लोक पहिल्यांदा ती बंद कशी करायची ते शोधतात. त्याऐवजी आपली क्वेरी पुन्हा वाचा.

नुसतं ‘तुम्हाला खात्री आहे का?’ विचारणारी चौकट मात्र कामाची नाही. दहा वेळा विचारलं की अकराव्यांदा बोट आपोआप एंटरवर जातं. चौकटीने आकडा सांगावा: या हुकुमाने ४,८१२ ओळी बदलतील. एक ओळ बदलायला बसलेला माणूस तो आकडा वाचून हात मागे घेतो. टेबल पुसायचं असेल, तर टेबलचं नाव टाइप करायला लावावं.

त्यानंतर कमिटचा प्रश्न. बऱ्याच एडिटरमध्ये ऑटो-कमिट चालू असतं; रन केलं की बदल पक्का. लाइव्ह, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाच्या डेटाबेसवर ते बंद ठेवा. आधी बदल करा, निकाल पाहा, मग कमिट (बदल पक्का) किंवा रोलबॅक (बदल मागे). याचेही खाचखळगे आहेत. कमिट न करता जेवायला गेलात, तर त्या ओळींवर कुलूप राहतं आणि बाकीच्यांची कामं अडतात. म्हणून अर्धवट व्यवहार उघडा आहे हे पडद्यावर सतत दिसलं पाहिजे. ओरॅकलच्या एसक्यूएलप्लसमधून सरळ ‘एक्झिट’ केलं, तर मागचं सगळं कमिट होतं. आणि ओरॅकल किंवा मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप (टेबल काढून टाकणं), ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) यांना रोलबॅक नाही. एडिटरने हे हुकूम वेगळे ओळखायला हवेत.

लाइव्ह आणि टेस्ट यांची गल्लत सर्वांत महाग पडते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला. थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. ठरलेले बॅकअप ऐन वेळी उपयोगी पडले नाहीत, आणि सहा तासांचा डेटा कायमचा गेला. ते काम एडिटरमधलं नव्हतं, पण धडा तोच. लाइव्ह कनेक्शनच्या खिडकीला लाल पट्टी द्या, टेस्टला हिरवी. बॅकअप अधूनमधून खरोखर उतरवून पाहा.

ओमानमधल्या कामाच्या खास अडचणीही आहेत. एका रियालचे हजार बैसा, म्हणजे दशांशानंतर तीन आकडे. रुपयाच्या सवयीने एडिटर दोनच दाखवत असेल, तर १२.३४५ हे १२.३५ दिसतं, आणि पाहणारा तेच पुन्हा डेटात लिहून बसतो. मस्कतचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. मस्कतला रात्रीचे साडेदहा वाजले की पुण्यात तारीख बदलते. ‘आजच्या नोंदी काढून टाक’ म्हणताना आज कुणाचा, हे एडिटरने सर्व्हरची वेळ दाखवून सांगावं. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. गुरुवारी संध्याकाळी केलेली चूक मस्कतच्या ऑफिसला रविवारी दिसते, आणि सॉफ्टवेअर सांभाळणारी टीम पुण्यात असेल, तर ती त्या दिवशी सुट्टीवर असते. तेव्हा मोठे बदल गुरुवारी दुपारनंतर करू नका.

मालकांनो, व्यवस्थापकांनो, खरं कुलूप तुमच्या हातात आहे. एडिटरमधली बटणं बंद करता येतात. डेटाबेसच्या खात्यालाच अधिकार नसेल, तर चुकीची क्वेरीही वांझ ठरते. ज्यांना फक्त रिपोर्ट काढायचे आहेत, त्यांना फक्त वाचण्याचं खातं द्या. एकच अॅडमिन पासवर्ड साऱ्या ऑफिसात फिरवू नका. कुणी काय चालवलं याची नोंद नावानिशी राहू द्या. ती नोंद चूक लवकर निस्तरण्यासाठी आहे, माणसाला फटकारण्यासाठी नाही. शिक्षेच्या भीतीने लोक चूक लपवतात, आणि लपलेली चूक पगाराच्या दिवशी बाहेर येते. शिवाय ओमानचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, म्हणजे २०२२ चा शाही आदेश क्रमांक ६, फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. कर्मचाऱ्यांचे खरे तपशील टेस्टिंगसाठी लॅपटॉपवर उतरवून घेण्याआधी त्याचा विचार करा.

या आठवड्यात एवढं करा: लाइव्ह कनेक्शनला लाल रंग द्या, ऑटो-कमिट बंद करा, आणि रोजच्या कामासाठी फक्त वाचण्याचं वेगळं खातं मागून घ्या. एडिटर लिहिणारे असाल, तर यातल्या पहिल्या दोन गोष्टी सुरुवातीपासूनच तशा ठेवून द्या. सेटिंग शोधून बदलणारे थोडे असतात. बाकीचे सगळे जे मिळालं त्यावरच काम करतात.