आधी रनिंग, मग इंधन

मुंबईत पेट्रोलने मे २०२१मध्ये शंभरी ओलांडली आणि गाडी घेताना ‘सीएनजीच बरी’ हे मत घरोघरी पक्के झाले. या मताला आमचा विरोध नाही, पण ते सरसकट सगळ्यांना लागू करण्याला आहे. हिशेब मांडून पाहा. समजा, पेट्रोल १०४ रुपये लिटर, ॲव्हरेज १५. सीएनजी ८० रुपये किलो, ॲव्हरेज २५. वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे २२,४०० रुपये वाचतील. सीएनजी मॉडेलसाठी ९० हजार जादा मोजले असतील, तर ते वसूल व्हायला चार वर्षे लागतील. १८,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे मात्र दीड वर्षाच्या आत वसूल होतील. गाडी तीच, इंधन तेच. फरक केवळ रनिंगचा.

इंधन पुढे महागणारच, मग आजच स्वस्त पर्याय का निवडू नये, असे कुणी विचारेल. पण सीएनजीचे दरही वाढतातच. बचत ठरते ती दोन दरांमधल्या तफावतीवर. शिवाय टाकीने व्यापलेली डिकी आणि पंपावरची रांग हीसुद्धा किंमतच आहे. आपले रनिंग आधी कसे कळणार, हा आक्षेप पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांपुरता खरा आहे; बाकीच्यांच्या सर्व्हिसिंगच्या बिलांवर किलोमीटरचा आकडा लिहिलेलाच असतो. जादा किमतीवरचा कर्जाचा हप्ता आणि विमा तर गाडी दारात उभी असली तरी चुकत नाही. म्हणून शोरूमला जाण्यापूर्वी वर्षाचे किलोमीटर कागदावर मांडा आणि इंधन त्यावरूनच ठरवा. कष्टाच्या पैशाला एवढा विचार द्यायलाच हवा.